उजव्या गालावरचा वारा

ताराबाईंच्या डोक्यावरचे दोन हंडे खाली आले ते वाऱ्याच्या दिशेवरून.

विहिरीवरून घराकडे येणारा बांध जेमतेम एका पावलाच्या रुंदीचा. ताराबाई भरलेले हंडे घेऊन येत होत्या आणि समोरून हनुमान आला. हनुमान म्हणजे शेजारच्या घरातला अकरा वर्षांचा पोरगा. युरियाची रिकामी गोण दोन काठ्यांवर ताणून त्याने छातीशी धरली होती. आता अशा वेळी काय करायचं हे सावरपाड्यातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. ज्याच्या डोक्यावर ओझं, त्याची वाट. मोळीवाली समोरून येताना दिसली की सरपंचसुद्धा चपला हातात घेऊन शेतात उतरतात. हनुमान उतरला नाही.

"काकी, बाजूला व्हा. माझ्या उजव्या गालावर वारा हाय."

"काय हाय?"

"वारा. तुमच्या डाव्या गालावर लागतो ना? मंग तुमी उतरायचं. नियम हाय."

आपल्या कोणत्या गालावर वारा आहे असं ताराबाईंना उभ्या आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. खरं काय ते बघावं म्हणून त्यांनी मान जराशी डावीकडे वळवली आणि वरचा हंडा निघाला. खालचा त्याच्या मागोमाग गेला, कारण हंड्यांना एकमेकांची सवय झालेली असते. हनुमानाने गोण खाली ठेवली, खिशातून लाल फडकं काढलं, डोक्यावर धरलं आणि ओरडला, "तक्रार!"

तक्रार राघोकाकांच्या ओट्यावर गेली. राघोकाका म्हणजे ताराबाईंचे यजमान, आणि हा सगळा वारा गावात आणला तो त्यांनीच. मुंबईला धक्क्यावर शिडाच्या होड्यांच्या एका क्लबात त्यांनी सव्वीस वर्षं नोकरी केली होती. रिटायर होऊन मुरबाडच्या एस्टीतून उतरले तेव्हा हातात एक पत्र्याची ट्रंक होती आणि तोंडात एक वाक्य. "माझ्याबिगर त्या क्लबात एक निवाडा झाला नाय." तिथं नक्की काय काम करत होता, असं कुणी विचारलं की ते गावामागच्या सिद्धगडाकडे बघत आणि डोळे अर्धे मिटून घेत. पाड्यातली माणसं समजूतदार. अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांत त्यांना अख्खा समुद्र दिसला. सहा महिन्यांत राघोकाकांचा कॅप्टन झाला, आणि त्यासाठी त्यांना एक शब्दही खोटा बोलावा लागला नाही.

भात झोडून झालं, शेतं मोकळी पडली, तशी त्यांनी पोरं जमवली. शर्यतीचे नियम शिकवायला. गावाखाली पाझर तलाव होता, पण त्यावर गवत वाहायच्या एका तराफ्याशिवाय साधा डोंगासुद्धा नव्हता. "होडी नाय तर काय झालं?" राघोकाका म्हणाले. "आधी नियम, मागून होडी. मुंबईत होडी आधी घेतात, म्हनून तर भांडनं व्हतात."

मग रोज दुपारी तीन वाजता कापलेल्या भाताच्या शेतांचा समुद्र व्हायचा. खाली समुद्रावरून निघालेला वारा त्याच सुमारास दमत-भागत इथवर पोचतो आणि सिद्धगडाला पाठ टेकून बसतो. त्या वाऱ्यात दहा-बारा पोरं गोणी, जुनी लुगडी, फाटक्या छत्र्या ताणून नागमोडी धावायची. वाऱ्याच्या थेट तोंडावर जायचं नाही हा नियम, म्हणून समोरच्या आंब्याला शिवायलासुद्धा तिरकं तिरकं जात अर्धा तास लावायची. लांबून बघणाऱ्याला वाटे, पिवळ्या उन्हात कुणाच्या तरी घरची वाळवणं उठून चालू लागली आहेत.

नियम सोपे होते. वारा उजव्या गालावर असेल तर वाट तुझी, डाव्या गालावर असेल तर तू सरक. दोघांच्या एकाच गालावर असेल, तर ज्याला वारा आधी लागतो त्याने सरकायचं. "जो आधी जेवला त्यानं मागच्याला जागा द्यावी, पंगतीत देतो तशी." मागून येणाऱ्याने पुढच्याला जपून जायचं. कुणी आडवं आलं तर तिथल्या तिथं लाल फडकं दाखवायचं, मागाहून घरी जाऊन कुरकुर करायची नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम शेवटचा. पाण्यावर पंच नसतो. चुकलं तर आपलं आपणच ओळखायचं आणि स्वतःभोवती दोन फेऱ्या मारायच्या.

"आनि कोनी बघितलं नसलं तर?" पोरांतल्या रितेशने विचारलं होतं.

"तर तीन मार. एक खोटेपनाच्या इचाराची."

"आनि पंचच चुकला तर?" हे राहीने विचारलं. राही गडाखालच्या वाडीतली, बारा वर्षांची. बोलायची कमी, त्यामुळे बोलली की अडचण व्हायची.

"पंच चुकत नाय," राघोकाका म्हणाले. राही बघतच राहिली, तसं त्यांना खरं सांगावं लागलं. "चुकला, तर शर्यत परत. असं पुस्तकात हाय."

तर अशा या न्यायाधीशापुढे हंड्यांची तक्रार उभी राहिली. एका बाजूला हनुमान, दुसऱ्या बाजूला ओल्या लुगड्यातल्या ताराबाई. राघोकाकांनी बोट ओलं करून वर धरलं, दोघांना बांधावर होते तसं उभं केलं आणि खाली मान घालून निकाल दिला. "पोराचं बराबर हाय. ओझ्याचा नियम पुस्तकात नाय."

ताराबाई घरात गेल्या. जेवणाच्या वेळी राघोकाका पाटावर येऊन बसले. चूल थंड होती.

"भात?"

"हंड्यांत पानी नाय, भात कशाचा व्हईल? वारा खा. उजव्या गालानं खा नायतर डाव्या."

दिवस मावळायच्या आत सावरपाड्यापुरता एक जादा नियम झाला. पोरांना बोलावून राघोकाकांनी तो जाहीर केला. वारा कुठूनही असो, ओझेवाल्याला वाट. शर्यत असली तरी. ओझेवाला पार जाईपर्यंत शीड सोडून थांबायचं. ताराबाईंनी दारातून ऐकलं आणि चुलीत काटकी सारली.

या गोष्टीनंतर गावात एक नवीनच सवय शिरली. मंगळू हा गावातला सर्वांत भांडखोर म्हातारा. त्याचा बैल दुसऱ्याच्या वालात शिरला, तेव्हा तो भांडायच्या ऐवजी वालाच्या कडेला उभा राहून स्वतःभोवती दोनदा फिरला, आणि वालाचा मालक बैलाला बाहेर हाकून घरी गेला. बायका विहिरीवर रहाट सोडून लाल फडकी घेऊन उभ्या राहू लागल्या. दुपारच्या एस्टीचा ड्रायव्हर एकदा बैलगाडीला आडवा आला. गाडीवर गवताचा भारा होता. पोरांनी त्याला नियम सांगितला, आणि त्याने अख्खी एस्टी शाळेच्या मैदानात दोन वेळा गोल फिरवली. आत मुरबाडच्या बाजारातून आलेली चाळीस माणसं होती. त्यातलं कुणी आजवर याला नाही म्हणालेलं नाही.

पुढचं लचांड सिद्धगडावरून उतरलं. एका रविवारी गड बघून परतणारे एक साहेब बांधावरून चालले होते. पांढऱ्या मिशा, गवती काड्यांची टोपी, हातात काठी. पुढे कुणाली चालली होती. कुणाली म्हणजे हनुमानाची बहीण, नऊ वर्षांची, सर्वांत कडक. साहेबांनी घाईत तिला कोपर लावलं. कुणालीने गर्रकन वळून लाल फडकं काढलं.

"साहेब, तुमी मागून आलात. मागून येनाऱ्यानं जपून जायचं. आनि तुमच्या डाव्या गालावर वारा हाय. दोन फेऱ्या मारा."

साहेब उभे राहिले. त्यांनी गालाला हात लावून पाहिलं. वारा डाव्याच गालावर होता. साहेबांनी दोन फेऱ्या मारल्या, काठीसकट, आणि मग एका दगडावर बसून विचारलं, "बेटा, हे कोणी शिकवलं?"

"राघोकाकांनी. ते तुमच्या मुंबईच्या होड्यांच्या क्लबात कॅप्टन व्हते."

"राघो," साहेब म्हणाले. "नाव ऐकलंय कुठंतरी."

ते ऐकत राघोकाका वीस पावलांवरच्या पेंढ्याच्या उडवीत शिरून बसले होते. साहेबांची चाल त्यांनी लांबूनच ओळखली होती. कशी नाही ओळखणार? हेच साहेब क्लबात निवाड्याच्या खुर्चीवर बसत. होड्या किनाऱ्याला लागल्या की तक्रारी घेऊन माणसं खोलीत शिरत, दार बंद होई, दोन-दोन तास वाद चाले. आणि त्या बंद दारातून आत-बाहेर करायची परवानगी फक्त एका माणसाला होती. चहा देणाऱ्याला. सव्वीस वर्षं राघोकाकांनी त्या खोलीत चहा दिला. पुस्तकातला प्रत्येक नियम त्यांनी भांडणाच्या रूपात ऐकला होता, तोही चारी बाजूंनी. फक्त होडीत ते कधी बसले नव्हते. पाण्याची त्यांना भीती वाटायची.

साहेब गेले. तासाभराने राघोकाका उडवीतून निघाले, तेव्हा ताराबाई केसांतला पेंढा काढायला पुढं झाल्या.

"चहा देनारा मानूस काय चोर असतो?" त्या म्हणाल्या.

राघोकाका चपापले. "तुला कोनी सांगला?"

"सांगायला कशाला पायजे? सुट्टीवर आलात का सकाळी चहा करून द्यायचात. सगळ्या कपांचे कान एका बाजूला. कॅप्टन असं ठेवतो व्हय?"

पंधरा दिवसांनी टेम्पो आला. त्यात तीन छोट्या होड्या होत्या, न्हाणीतल्या हौदाएवढ्या, पुढून चपट्या, एकेका पोरापुरत्या. सोबत साहेबांचं पत्र. राहीने ते ओट्यावर सगळ्यांसमोर वाचलं. होड्या जुन्या आहेत, मुलांना शिकायला पाठवत आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आमची तीन मुलं घेऊन येईन, तुमच्या तलावावर शर्यत करू. तुमची मुलं नियमानं खेळून जिंकली तर होड्या तुमच्याच. नाहीतर दुसऱ्या एका शाळेने मागितल्या आहेत, त्याच टेम्पोतून परत जातील. कॅप्टन राघोंना भेटायची फार इच्छा आहे.

पोरं होड्यांना हात लावून बघत होती, वासराला लावावा तसा. राघोकाका शेवटचं वाक्य मनातल्या मनात परत परत वाचत होते.

होड्या तलावावर नेल्या. "काका, आता?" पोरांनी विचारलं.

"आज वारा बरा नाय," राघोकाका म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज जास्तच बरा हाय." तिसऱ्या दिवशी शनिवार होता. चौथ्या दिवशी राहीने विचारलं, "काका, तुमी कदी होडीत बसला व्हता का?"

राघोकाकांनी सिद्धगडाकडे बघून डोळे अर्धे मिटले. पण राहीचं घर सिद्धगडाखालीच होतं. त्या नजरेचं तिला काही कौतुक नव्हतं. ती वाट बघत उभी राहिली. काकांचे डोळे हळूहळू पूर्ण मिटले.

"नाय गो," ते म्हणाले.

राहीने मान हलवली. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. ती होडी ढकलून आत चढली, शीड ताठ ओढून बसली, आणि होडी तिला घेऊन आडवी झाली. हनुमानाचीही झाली. कुणालीची झाली तेव्हा तिने होडीलाच लाल फडकं दाखवलं. पोरं पोहणारी होती म्हणून बरं. चार दिवस तलावावर नुसता पोरं उलटायचा आवाज येत होता.

ताराबाई सूप धुवायला तलावावर आल्या होत्या. काठावर उभ्या राहून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"काय गो राही, ते फडकं एवढं ताठ कशाला धरतंस? पाखडताना सूप ताठ धरतंस का?"

"नाय काकी."

"मंग? वारा आला का सूप जरा पाडायचं, गेला का उचलायचं. वाऱ्याशी भांडायचं नाय. त्याला वाटायला पायजे का त्याच्याच मनासारखं चाललंय. घरात बी तसंच करायचं असतं."

चाळीस वर्षं त्या खळ्यावर भात उफणत होत्या. वारा कुठून निघाला, वाटेत कुठल्या झाडापाशी थांबला, किती दाणे नेईल आणि किती फोल, हे त्यांना अंगावर येण्याआधी कळे. दुसऱ्या दिवसापासून तीन वाजता त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहू लागल्या, हातात मूठभर दाण्यांचं सूप धरून. त्या सूप कलवीत, तसं लांब पाण्यावर तीन पोरं शीड कलवीत. त्या उचलीत, ती ओढीत. बोलणं काही नाही. तलावात सिद्धगड उलटा पडलेला असे आणि त्याच्या माथ्यावरून तीन पांढरी शिडं अशी सरकत, की काठावर बसलेल्या मंगळूच्या हातातली विडी आपोआप विझे. त्याच्या म्हशी पाणी प्यायला येऊन तशाच उभ्या राहत. दहाव्या दिवशी पोरं उलटायची थांबली. बाराव्या दिवशी राहीने खुणेसाठी पाण्यात तरंगत ठेवलेल्या दोन पिंपांना वळसा घालून होडी अशी आणली की ताराबाईंच्या सुपातला दाणाही हलला नाही.

राघोकाका काठावर बसून नियम विचारीत. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि त्या आनंदामागे दुसरा रविवार उभा होता.

तो उजाडला. साहेब आले, सोबत क्लबाची तीन मुलं, नारिंगी जाकिटं, काळे चष्मे, पोरं गुणी. त्यांच्या तीन होड्या दुसऱ्या गाडीवर, आणि मागे तोच टेम्पो, रिकामा.

"कॅप्टन कुठायत?" साहेबांनी विचारलं.

कॅप्टन लांब बंधाऱ्याच्या टोकाला बसले होते. टॉवेल हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारलेली, तोंडाचं फक्त नाक बाहेर.

"त्यांची दाढ सुजलीय," राहीने सांगितलं. "बोलता येत नाय. निशान दाखवतील."

साहेबांनी लांबूनच टोपी उचलली. टॉवेलाने मान लववली. इथपर्यंत सगळं राघोकाकांच्या मनासारखं झालं. एकच गोष्ट राहून गेली. शर्यतीआधी पंचाने पाहुण्यांना गावचे जादा नियम सांगायचे असतात. पण ज्याची दाढ सुजली आहे तो नियम कसा सांगणार?

तीन वाजले, वारा पोचला, निशाण खाली आलं. सहा शिडं निघाली. पहिल्या पिंपापर्यंत क्लबाची मुलं पुढं होती. मग वारा जांभळीच्या झाडामागे थोडा विसावला, जसा रोज विसावतो, आणि ताराबाईंनी काठावर सूप अगदी थोडं कलवलं. गावची तीन शिडं तशी कलली. दुसऱ्या पिंपाला राही पहिली होती, मागे हनुमान, मग कुणाली. जांभळीखालची शेवटची रेघ दोनशे हातांवर. गाव श्वास धरून उभं होतं. टॉवेलाची गाठ सुटत आली होती.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून भिमी आजी निघाली.

भिमी आजी रोज याच वेळी निघते. पिंपं बांधून केलेला तिचा तराफा, त्यावर गवताचा भारा, आणि हातातल्या बांबूने रेटत ती अलीकडे येते. शर्यत वगैरे तिच्या कानावर नव्हती, आणि कानही तिला फारसे नव्हते. ती बरोबर राहीच्या पुढ्यात आली.

राहीने भारा बघितला आणि शीड सोडून दिलं. होडी जागच्या जागी डुलायला लागली. हनुमानाने शीड सोडलं, पण त्याला जरा उशीर झाला आणि होडीचं नाक तराफ्याला टेकलं. त्याने इकडेतिकडे बघितलं नाही. तो तिथल्या तिथं होडीसकट स्वतःभोवती फेऱ्या मारू लागला. कुणाली मागे थांबली.

तीन होड्या थांबलेल्या बघून आजीही थांबली. "का गो पोरींनो, अडकल्या का?"

"नाय आजी. तुझ्याकडं ओझं हाय. तू जा आधी."

"ओझं कसलं, गवत हाय. कोनाची गो तू?"

"वाडीतली. आजी, जा ना."

"वाडीतली म्हंजे बाळीची नात का? बाळी बरी हाय? गुडघा कसा हाय तिचा?"

मोठ्या माणसाने विचारल्यावर उत्तर न देता जाता येतं का? राहीने गुडघ्याचं सांगितलं. मागे हनुमानाची दुसरी फेरी चालली होती. निळ्या स्तब्ध पाण्यात एक होडी गोल फिरते आहे, दोन झुलताहेत, मधे हिरवा भारा आणि त्याच्या बाजूला वाकलेली आजी, असं चित्र किती वेळ राहिलं ते कुणी मोजलं नाही. तेवढ्या वेळात क्लबाची तीन मुलं आजीच्या पुढून सरळ गेली आणि जांभळीखालची रेघ ओलांडली.

गावच्या तिन्ही होड्यांवर लाल फडकी चढली.

निवाडा राघोकाकांच्याच ओट्यावर बसला. साहेब बाजेवर, एका बाजूला नारिंगी जाकिटं, दुसऱ्या बाजूला ओली पोरं, अंगणात अख्खं गाव आणि गावामागे टेम्पो.

"आजी शर्यतीत नव्हत्या," क्लबाची मोठी मुलगी म्हणाली. "आम्ही त्यांना धडकलो नाही. लांबून गेलो. आमचं काय चुकलं?"

"ओझेवाल्याला वाट," राही म्हणाली. "पार जाईपर्यंत थांबायचं. शर्यत असली तरी."

"असा नियम आम्हाला कोणी सांगितलाच नाही."

"जगात सगल्यांनाच ठावं हाय," मंगळू मागून म्हणाला.

"कॅप्टनना बोलवा," साहेब म्हणाले. "तोवर निवाडा सुरू करू. दार लावून घ्या."

ओट्याला दार नव्हतं. पण ते शब्द घरात गेले. आत राघोकाका कणगीमागे बसले होते. 'निवाडा सुरू, दार लावा' हे शब्द त्यांनी सव्वीस वर्षं ऐकले होते आणि ते ऐकल्यावर काय करायचं हे त्यांच्या डोक्याला विचारायची हातांना सवय नव्हती. हातांनी पातेलं चुलीवर ठेवलं. आलं ठेचलं. टॉवेल तोंडाचा निघाला आणि खांद्यावर गेला, कारण चहा देताना तो तिथंच असतो. पाच मिनिटांनी राघोकाका परातीत कप घेऊन ओट्यावर आले. सगळ्या कपांचे कान एका बाजूला.

बाहेर आल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते.

साहेब त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते परातीकडे बघत होते, आणि परात आता कुणाकडे वळते याची वाट बघत होते. गाव बघत होतं. राही बघत होती. राघोकाका उभे राहिले. मग ते नारिंगी जाकिटांवरून पुढं गेले, ओल्या पोरांवरून गेले, साहेबांवरूनही गेले आणि दाराच्या आत उभ्या असलेल्या ताराबाईंच्या हातात त्यांनी पहिला कप दिला. परात खाली ठेवली. अंगणाच्या मधोमध जाऊन स्वतःभोवती दोन फेऱ्या मारल्या. जरा थांबून तिसरी मारली.

"चूक पंचाची हाय साहेब," ते म्हणाले. "गावचा नियम पाव्हन्यांना सांगायचा व्हता. तोंड लपवून बसलो, नाय सांगला. आमच्या पोरांचं बराबर, तुमच्या पोरांचं बी बराबर."

साहेबांनी परातीतून आपणच एक कप उचलला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"राघो," ते म्हणाले.

"जी साहेब."

मंगळूला राहवलं नाही. "साहेब, हे तुमच्याकडं कॅप्टनच व्हते ना?"

तलावावरचं एक शीड फडफडलेलं अंगणात ऐकू आलं. साहेबांनी कप खाली ठेवला. "सव्वीस वर्षं," ते म्हणाले, "यांच्याशिवाय आमच्याकडे एक निवाडा झाला नाही."

"आमी काय वेगलं सांगत व्हतो?" मंगळू गावाकडे वळून म्हणाला.

साहेब हात धुवायला परसात गेले. राघोकाकांनी तांब्यातून पाणी घातलं. हात धुऊन झाले तरी साहेब हात पुढे धरूनच उभे राहिले.

"राघो, एक सांगतो, कुणाला बोलू नको. ते नियमाचं पुस्तक मला कधीच नीट कळलं नाही. वाद ऐकून डोकं फिरायचं. मग तू यायचास. तू पहिला कप ज्याच्यापुढे ठेवायचास, मी निकाल त्याच्या बाजूने द्यायचो. एकदाही अपील झालं नाही."

"मला म्हाईत व्हतं साहेब," राघोकाका म्हणाले. "म्हनून तर मी दारामागं थांबून पुरतं ऐकून मंगच आत यायचो. चहा थंड झाला म्हनून तुमी ओरडायचात."

दोघं ओट्यावर परत आले. राहीने हात वर केला होता.

"पंच चुकला तर शर्यत परत. पुस्तकात हाय."

"आहे," साहेब म्हणाले. "शर्यत परत होईल. आज वारा गेला. पुढच्या वर्षी घेऊ."

टेम्पोचा ड्रायव्हर पुढं आला. "साहेब, मग या होड्या आता भरायच्या ना?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. कुणालीने फडक्याला हात घातला. साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"नाही. शर्यत संपेपर्यंत होड्या त्या पाण्यावरून हलवायच्या नाहीत. नियम आहे."

"कंचा नियम?" मंगळूने विचारलं, आणि सगळं गाव राघोकाकांकडे वळलं.

राघोकाकांनी सिद्धगडाकडे बघितलं. सव्वीस वर्षांतली सगळी भांडणं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. उजव्या गालाची, डाव्या गालाची, पिंपाला वळसा घालतानाची. एकूण एक नियम त्यांनी ऐकला होता. हा एकदाही ऐकला नव्हता.

ते आत गेले, चहाची दुसरी फेरी गाळून आणली, आणि पहिला कप साहेबांपुढे ठेवला.